कोणत्या गवतावर कीड किती वाढते? ब्राझीलची कुरणं आणि फेसातला तुडतुडा

ब्राझीलच्या मध्य पठारावर सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस सुरू होतो. त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी कुरणातलं गवत बाजूला सारून बुंध्याशी पाहिलं, तर जमिनीलगत पांढऱ्या फेसाचे पुंजके दिसतात. बोटाने फेस पुसला की आत फिकट पिवळसर, मऊ, लाल डोळ्यांचं एक पिल्लू मुळाला तोंड लावून बसलेलं असतं. सह्याद्रीत पावसाळ्यात झुडपांच्या काड्यांवर थुंकी पडल्यासारखा जो फेस दिसतो, तो याच गटातल्या किड्यांचा. आपल्याकडे त्याची कुणी फारशी दखल घेत नाही. ब्राझील, कोलंबिया आणि आसपासच्या देशांत मात्र चराऊ कुरणांचा हा पहिल्या क्रमांकाचा शत्रू आहे.

तिथे हा एकच किडा नाही, अनेक जाती आहेत. ब्राझीलमध्ये डिओइस फ्लाव्होपिक्टा, नोटोझुलिया एन्ट्रेरिआना आणि महानार्वा वंशातल्या काही. कोलंबियात एनिओलामिया व्हारिया, झुलिया कार्बोनारिया वगैरे. लेखात सोयीसाठी सगळ्यांना ‘फेसतुडतुडा’ म्हणू. पण जाती वेगळ्या आहेत हे लक्षात असू द्या, पुढे त्यावरच बरंच काही अडणार आहे.

या कुरणांची जुळणी मोठी गमतीची आहे. गुरं मूळ भारताची: आंध्रातल्या ओंगोल जातीपासून घडलेली नेलोर गुरं आज ब्राझीलच्या मांस उद्योगाचा कणा आहेत. गवत आफ्रिकेचं: ब्राकिएरिया. पाणथळ जागी चाऱ्यासाठी लावलं जाणारं आपलं पॅरा गवत याच वंशातलं. कीड तेवढी तिथली, स्थानिक. ती पूर्वी स्थानिक गवतांवर थोड्याफार संख्येने राहायची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोट्यवधी हेक्टरवर ब्राकिएरिया लावलं गेलं, आणि त्यातही सुरुवातीला मुख्यतः बासिलिस्क हा डिकम्बेन्स जातीचा एकच वाण. ब्राकिएरियाचे बहुतेक वाण परागीकरणातून संकर न होता बी धरतात, म्हणजे बियांतून उगवणारं प्रत्येक रोप आईची तंतोतंत नक्कल असतं. बियाणं शुद्ध राहतं हा फायदा आहेच. पण त्यामुळे किडीला क्षितिजापर्यंत एकच झाड मिळालं. ते मानवलं तर सगळंच मानवलं.

गवत बदललं की किडीची संख्या का बदलते, हे समजायला ती काय खाते इथून सुरुवात करावी लागते. मावा, पांढरी माशी यांसारख्या किडी साधारणपणे वनस्पतीच्या रसवाहिनीतून साखरेचा रस पितात. फेसतुडतुडा जलवाहिनीतून पितो. मुळांकडून पानांकडे जाणारं हे जवळजवळ पाणीच. त्यात थोडे क्षार आणि अगदी किंचित अमिनो आम्लं. शिवाय हा रस दाबाखाली नसतो, उलट पानांकडून वर ओढला जात असतो, त्यामुळे किड्याला तो ताकद लावून खेचून घ्यावा लागतो. अंगापुरतं नत्र मिळवायचं तर दिवसाला स्वतःच्या वजनाच्या शंभराहून अधिक पट रस उपसावा लागतो. उरलेलं पाणी मागच्या बाजूने बाहेर पडतं, त्यात शरीरातला चिकट स्राव मिसळून आणि हवा भरून पिल्लू फेस बनवतं. फेस त्याला सुकण्यापासून वाचवतो.

इतक्या पातळ अन्नावर जगणाऱ्या प्राण्याची शिल्लक अगदी थोडी असते. रसातलं नत्र थोडं घटलं, किंवा त्यात पचनाला बाधणारं काही असलं, तर पिल्लू लगेच मरतंच असं नाही. त्याची वाढ लांबते, कात टाकताना दगावण्याचं प्रमाण वाढतं आणि जगलंच तर प्रौढ हलक्या वजनाचा निपजतो. हलकी मादी अंडी कमी घालते. यजमान गवताचा प्रजननावरचा परिणाम असा पिल्लाच्या वयातच ठरायला लागतो, मादी अंडी घालायला बसते तेव्हा नाही.

जीवनक्रम थोडक्यात असा. मादी गवताच्या बुंध्याजवळ ओल्या मातीत किंवा कुजत्या पाल्यात अंडी घालते. ओल असेल तर साधारण दोन आठवड्यांत अंडी उबतात. पिल्लांच्या पाच अवस्था, मिळून ३० ते ४० दिवस. प्रौढ फक्त दहा दिवस ते दोन आठवडे जगतो, आणि त्या मुदतीतच सगळी अंडी घालून होतात. पूर्ण फेरा साधारण दोन महिन्यांचा, म्हणजे एका पावसाळ्यात तीनेक पिढ्या. पावसाळा संपत आला की घातल्या जाणाऱ्या अंड्यांत सुप्त अंड्यांचं प्रमाण वाढत जातं. ही अंडी कोरडे महिने मातीत तशीच काढतात आणि पुढच्या पहिल्या पावसावर जवळजवळ एकदम उबतात. पहिली लाट इतक्या जोरात का येते, त्याचं उत्तर मागच्या हंगामाच्या शेवटच्या पिढीत असतं.

नुकसान पिल्लू आणि प्रौढ दोघेही करतात, पण प्रौढाचं जास्त दिसतं. तो पानावर बसून रस पितो तेव्हा लाळ आत सोडतो, ती गवताला विषारी ठरते. टोचलेल्या जागेपासून पिवळे-पांढरे पट्टे लांबत जातात, मग पान टोकाकडून वाळतं. जोरदार प्रादुर्भावात अख्खं कुरण ऐन पावसात करपल्यासारखं दिसतं.

आता गवताकडे वळू. गवत किडीच्या प्रजननावर दोन वाटांनी परिणाम करतं: आपल्या ठेवणीने आणि आपल्या रसाने.

ठेवण महत्त्वाची आहे, कारण अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम एक मिलिमीटरचं असतं. त्याची सोंड आखूड असते आणि उघड्यावर ते काही तासांतच सुकतं. त्याला लगेच जमिनीच्या पृष्ठभागाशी आलेलं कोवळं, बारीक मूळ आणि वर सावली हवी. डिकम्बेन्स आणि ह्युमिडिकोला या ब्राकिएरियाच्या पसरणाऱ्या जाती. त्यांच्या आडव्या काड्यांना पेरापेराला मुळं फुटतात, खाली वाळल्या पाल्याचा थर साचतो, आतली हवा दमट राहते. पिल्लासाठी ही आयती बाळंतघरंच. ठोंब धरून उभं वाढणाऱ्या ब्रिझान्थासारख्या जातींत दोन ठोंबांमधली जमीन उघडी पडते, ऊन आत शिरतं. गांबा गवतासारख्या केसाळ जातींत लवीचा अडथळा पिल्लांच्या वाटेत येतो.

तरीही ठेवणीवरून निष्कर्ष काढायची घाई करू नये. एकाच ठेवणीच्या दोन वाणांत ८० टक्के आणि २० टक्के इतका जगण्याचा फरक सापडतो, आणि तो रसात किंवा मुळाच्या ऊतीत असतो. यालाच मारकता म्हणायचं: पिल्लू खातं, पण खाऊन वाढत नाही. याहून वेगळी ती नापसंती, म्हणजे किडा त्या झाडावर बसायलाच टाळतो. आणि तिसरी सहनशीलता: किडा मजेत खातो, वाढतो, पिल्लं देतो, फक्त गवत त्यातून सावरतं.

व्यवहारात सगळा घोळ होतो तो या तिसऱ्या प्रकाराने. बियाणं विकताना ‘कीड सोसणारं’ आणि ‘कीड रोखणारं’ दोन्ही एकाच शब्दात सांगितलं जातं. शेतकरीही हिरवं कुरण बघून खूश असतो. पण पुढच्या पिढीच्या हिशेबात ही दोन टोकं आहेत. ह्युमिडिकोला याचं ठळक उदाहरण. १९७०च्या दशकात ॲमेझॉन भागात जंगल तोडून केलेल्या कुरणांत ते मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. हलक्या जमिनीत, पाणथळ जागी तग धरतं आणि फेसतुडतुड्याने लगेच मान टाकत नाही, म्हणून. गवत टिकलं, पण त्याच्या बुंध्याशी पिल्लांची संख्या वाढतच गेली. शेवटी ती सहनशीलतेच्याही पलीकडे पोचली, आणि तोवर उडून शेजारच्या कुरणांत पसरणाऱ्या प्रौढांचा साठा तयार झालेला होता.

फरक नेमका किती पडतो, ते आकडे मांडून बघू. आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, पण प्रमाण अवास्तव नाही. एक मादी १०० अंडी घालते असं धरा. मुंग्या, कोरड, न उबलेली अंडी यांत ९० गेली, १० पिल्लं मुळापर्यंत पोचली. बळी पडणाऱ्या गवतावर त्यातली ८० टक्के जगली, तर ८ प्रौढ, त्यात ४ माद्या. पुढच्या पिढीत १६, तिसरीत ६४. एका मादीच्या जागी पावसाळ्याअखेर चौसष्ट.

आता मारक गवत. पिल्लं २५ टक्केच जगली तर अडीच प्रौढ, सव्वा मादी. तीन पिढ्यांनंतर साधारण दोन. संख्या अजून वाढतेच आहे, फक्त रांगत. मात्र त्या जगलेल्या माद्या हलक्या असल्याने एक तृतीयांश अंडी कमी घालत असतील, तर सव्वाचं सुमारे ०.८३ होतं आणि तीन पिढ्यांनंतर ०.५८. संख्या घटू लागली. पिल्लांची वाढ आठवडा-दीड आठवडा लांबली, तर पावसाळ्यात तिसरी पिढी पुरीच होत नाही; तो फायदा वेगळाच. नुसतं ‘किती पिल्लं मेली’ एवढंच मोजणारी चाचणी वाणाची खरी किंमत निम्मीच सांगते, असं म्हणायला जागा आहे ती यामुळे. अंड्यांची संख्या आणि वाढीचे दिवसही मोजले पाहिजेत.

ही चाचणी करतात कशी? कोलंबियातल्या पाल्मिरा इथल्या सियात या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रात ती पद्धत घोटून तयार झाली. साधारण ५ सेंटिमीटर व्यासाच्या पीव्हीसी नळीच्या तुकड्यात माती भरून गवताचा एक फुटवा लावतात. वर मधोमध भोक असलेलं झाकण बसवतात, भोकातून काडी बाहेर येते. झाकणाखाली अंधार आणि ओल राहिल्याने बारीक मुळं मातीच्या वर येऊन पसरतात. इवल्या पिल्लांना बसायला नेमकी हीच जागा लागते. प्रौढ पिंजऱ्यात ठेवून मातीत अंडी घालून घेतात, माती चाळतात, मिठाच्या दाट पाण्यात अंडी वर तरंगवून वेगळी करतात आणि ओल्या कागदावर ठेवतात. आतल्या पिल्लाचे लाल डोळे कवचातून दिसू लागले की अंडी उबायच्या बेतात आली. महिनाभराच्या रोपावर अशी ६ ते १० अंडी सोडतात. साधारण पाच आठवड्यांनी, पिल्लं पाचव्या अवस्थेत आली की, दोन गोष्टी नोंदवतात: किती जगली, आणि गवताला १ ते ५ या श्रेणीत किती इजा झाली. ३० टक्क्यांपेक्षा कमी पिल्लं जगली आणि इजाही कमी, तर वाण प्रतिकारक. तुलनेला दरवेळी एक ओळखीचा बळी पडणारा (बासिलिस्क) आणि एक ओळखीचा प्रतिकारक (मारांडू) वाण सोबत असतोच.

चाचणी फसण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. मुंग्या शिरल्या की पिल्लं गायब होतात आणि साधा वाण प्रतिकारक ठरतो. मुळं पृष्ठभागावर यायच्या आत अंडी सोडली तर पिल्लं उपाशी मरतात. तो उपास वाणाच्या नावावर जमा होतो. सगळ्यांत फसवा प्रकार वेगळाच: फार नाजूक वाण १० पिल्लांच्या भाराने चौथ्या आठवड्यातच वाळून जातो, अन्न संपल्याने पिल्लंही मरतात आणि कागदावर जगण्याची टक्केवारी कमी दिसते. म्हणून इजेचा आकडा सोबत लागतोच. जगलेली कमी आणि इजा जास्त अशी जोडी दिसली तर नोंद बाजूला ठेवून कमी पिल्लांवर चाचणी पुन्हा घ्यायची.

मारांडूचं नाव आलंच आहे तर त्याची हकीकत सांगायला हवी. झिम्बाब्वेतून आलेल्या ब्रिझान्थामधून ब्राझीलच्या एम्ब्रापा या शेती संशोधन संस्थेने निवडलेला हा वाण १९८४ मध्ये प्रसारित झाला. डिओइस आणि नोटोझुलिया यांची पिल्लं त्यावर नीट वाढत नाहीत. उत्तर सापडलं असं सगळ्यांना वाटलं आणि डिकम्बेन्सच्या जागी मारांडू पसरला. मग त्यावर महानार्वा दिसू लागला. हा आकाराने मोठा, मूळचा ऊस आणि हत्ती गवत म्हणजे आपल्या नेपियरवरचा. मारांडूचा मारकपणा त्याला बाधत नाही. गवताने एका जातीचं प्रजनन रोखलं, दुसरीला रिकामी आणि अफाट जागा दिली. तेव्हापासून ‘हा वाण फेसतुडतुड्याला प्रतिकारक आहे’ हे वाक्य जाणकार अर्धवट मानतात. कोणत्या जातीच्या? हा पुढचा प्रश्न असतोच.

त्याला आणखी एक उपप्रश्न जोडावा लागतो: कोणत्या अवस्थेच्या? पिल्लांना मारणाऱ्या वाणाची पानं प्रौढांना मारतीलच असं नाही. मूळ आणि पान वेगवेगळं वागतात. सियातच्या कामात पिल्लांना उत्तम दाद न देणारे काही वाण प्रौढांच्या लाळेने इतरांसारखेच पिवळे पडले. प्रतिकारक वाणाचं छोटं कुरण ह्युमिडिकोलाच्या मोठ्या कुरणाशेजारी असेल, तर बाहेरून उडून आलेले प्रौढ ते करपवू शकतात. त्यांची पुढची पिढी तिथे वाढणार नाही हे खरं. पण त्या महिन्याचा चारा गेलाच.

नवे वाण संकरातून आणणं हे दीर्घकाळ अशक्यच होतं, कारण आधी सांगितलं तसं ब्राकिएरिया स्वतःची नक्कलच करतं. कोंडी फुटली ती रुझिझिएन्सिस या जातीमुळे. ती लैंगिक पद्धतीने बी धरते, पण तिच्या गुणसूत्रांचे संच दोन आणि डिकम्बेन्स-ब्रिझान्थाच्या वाणांचे चार, म्हणून संकर जुळत नसे. बेल्जियममध्ये कोल्चिसिन हे गुणसूत्रांचे संच दुप्पट करणारं रसायन वापरून तिची चार संचांची रोपं तयार केली गेली आणि तिथून सियात व एम्ब्रापा यांचे संकर कार्यक्रम उभे राहिले. गंमत म्हणजे ही आईच फेसतुडतुड्याला अत्यंत बळी पडणारी. त्यामुळे प्रत्येक फेरीत शेकडो रोपं वरच्या नळीच्या चाचणीतून गाळत न्यावी लागली. मुलाटो-२ आणि २०१७ मध्ये आलेला एम्ब्रापाचा इपिपोरा हे या वाटेने आलेले वाण. इपिपोरा महानार्वालाही रोखतो, ही त्याची खासियत. पण तो पाणी साचणाऱ्या जमिनीत चालत नाही, आणि नेमक्या त्याच जमिनीत शेतकरी ह्युमिडिकोला लावतो. म्हणजे किडीचा साठा जिथे आहे तिथे हा वाण पोचतच नाही.

रसायन फवारून हे सुटेल का? क्वचितच. पिल्लू फेसात आणि गवताच्या आत दडलेलं, औषध तिथवर जात नाही. प्रौढ डोळ्यांत भरेपर्यंत बरीच अंडी मातीत गेलेली असतात. शिवाय चराऊ कुरणाचं हेक्टरी उत्पन्न वारंवार फवारणी सोसत नाही, आणि गुरं चरत असताना फवारायचं तरी कसं! मेटारायझियम बुरशी ब्राझीलमध्ये उसातल्या महानार्वावर फार मोठ्या क्षेत्रात वापरतात. आपल्याकडे उसातल्या हुमणीवर वापरतात तीच ही बुरशी. कुरणात तिचा परिणाम बेभरवशाचा. ऊन आणि कोरडी हवा तिला मारते, म्हणून ओल असताना, संध्याकाळी, पिल्लांच्या पहिल्या लाटेवर फवारावी लागते. प्रौढ दिसल्यावर फवारली तर उशीर झालेला असतो. साल्पिंगोगास्टर नावाच्या एका माशीची अळी फेसात शिरून पिल्लं खाते. कीटकनाशकाने आधी तीच जाते.

मग हाती उरतं ते गवताचंच नियोजन. एकाच वाणाखाली सगळं क्षेत्र आणायचं नाही. मारक वाणांचा वाटा जितका मोठा, तितकी परिसरातली एकूण संख्या खाली राहते. बळी पडणारं कुरण पाऊस सुरू व्हायच्या सुमारास जरा खालपर्यंत चारून घ्यायचं, म्हणजे पाल्याचा थर विरळ होतो, जमिनीवर ऊन पडतं आणि उबलेली पिल्लं सुकतात. प्रौढांची लाट आली की त्याच कुरणावरची गुरं कमी करून मारक वाणाच्या कुरणात हलवायची. लाळेने आधीच खंगलेलं गवत वरून चारलं तर परत फुटत नाही. नत्र दिल्याने गवत लवकर सावरतं हे खरं, पण तेच नत्र रसातून किडीलाही मिळतं. म्हणून प्रौढांची लाट ओसरल्यावर दिलेलं बरं.

मोजणी सोपी आहे. पहिल्या चांगल्या पावसानंतर तीन आठवड्यांनी सुरुवात करायची. २५ सेंटिमीटर बाजूची चौकट कुरणात दहा-बारा ठिकाणी टाकायची, ओल्या आणि कोरड्या दोन्ही भागांत. चौकटीतलं गवत मुळाशी फाकवून फेसाचे पुंजके मोजायचे आणि प्रत्येक पुंजका उघडून आतली पिल्लं मोजायची, कारण एका पुंजक्यात अनेकदा दोन-तीन सापडतात. एका चौकटीमागच्या सरासरी आकड्याला १६ ने गुणलं की चौरस मीटरची संख्या. पंखांची छोटी पाकळी स्पष्ट दिसू लागलेली पिल्लं पाचव्या अवस्थेतली. ती जास्त असतील तर प्रौढ आठवड्याभरात उडणार. दोन वेगळ्या वाणांची कुरणं असतील तर एकाच दिवशी दोन्हीकडे मोजायचं. लहान पिल्लं दोन्हीकडे सारखी पण मोठी एकीकडेच, असं दिसलं तर दुसरीकडचा वाण मारक आहे. दोन्हीकडे मोठी पिल्लं सारखीच भरली आणि तरी एक कुरण हिरवंगार असेल, तर ते नुसतं सहनशील आहे.

जुनं डिकम्बेन्स मोडून मारक वाण पेरणाऱ्यांनी एक गोष्ट धरून चालावी: मागच्या हंगामातली सुप्त अंडी मातीतच आहेत. ती नव्या पेरणीबरोबरच उबतात, आणि महिनाभराच्या रोपाला चार-पाच बारीक मुळांपलीकडे काही नसतं. मारक वाणातही पिल्लू मरण्याआधी काही दिवस खातंच. म्हणून जमीन कोरड्या हंगामात नांगरून अंडी उन्हात उघडी पाडतात, आणि जमलं तर पहिल्या पावसावर अंडी उबू देऊन, हिरवं काही उगवण्याआधी पिल्लं उपाशी घालवून, मग पेरतात. पेरणी तीन-चार आठवडे लांबते.